मांडवीच्या गर्दीत डिझेल की सीएनजी?

बडोद्यात दांडियाबाजार ते मांडवी एवढंच फिरायचं असेल तर माझं मत सरळ सीएनजीला. २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराबाबतचे कडक सरकारी निकष) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो खरा. पण साठलेली काजळी जाळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. न्यायमंदिरापाशी रांगत चाललेल्या गाडीला तो वेग कुठून मिळणार? मग फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटतो. ‘फिल्टरच काढून टाका’ म्हणणारेही भेटतात. त्यांना दुरूनच नमस्कार. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय, आणि त्यातले पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर उतरतात.

सीएनजीत काजळी फारच कमी. ब्रेक-टायरच्या झिजेची धूळ मात्र दोन्हींकडे. रोज एक्स्प्रेसवेने अहमदाबाद गाठणाऱ्याला डिझेल चालून जाईल.