क्वेबेकची वंशावळ आणि आडनावाचा एकच रकाना: वर्गणीच्या साइटचा वर्षभराचा अनुभव

न विचारता पुढच्या वर्षाची वर्गणी कार्डावरून कापली गेली, म्हणून आज हे लिहायला घेतलं. साइटचं नाव देत नाही. वंशावळ शोधायला जगभरच्या नोंदी एकाच जागी, अशी जाहिरात करणाऱ्या बड्या साइटांपैकी ती एक. आमची सून कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलची, माहेरची बोल्यू. नातवाच्या आजोळची मुळं शोधायची म्हणून मी पैसे भरले आणि ते वसूल व्हावेत म्हणून रोज रात्री बसत होते.

माझी मुख्य तक्रार आडनावाच्या रकान्याबद्दल आहे. तो एकच आहे आणि क्वेबेकसाठी ते चालत नाही. तिथल्या जुन्या घराण्यांना दोन नावं असत, मध्ये ‘दि’, आपल्या उर्फसारखं. 1665 साली फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या अनेक शिपायांची पलटणीतली टोपणनावं पुढे वंशाला चिकटली. सुनेचा मूळपुरुष पिएर ऊदों दि बोल्यू. 1676 मध्ये त्याचं मारी गोबेयशी लग्न झालं, पुढे रिव्हिएर-उएलला बिऱ्हाड. त्याच्या वंशात कोणी ऊदों राहिले, कोणी बोल्यू झाले. सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा वेगळी. साइटवर एक टाकलं की दुसरं गायब. शिवाय बोल्यू हे उपनाव इतर घराण्यांनीही लावलेलं, त्यामुळे भलतीच माणसं ‘तुमचे पूर्वज’ म्हणून पुढे येतात. एका लग्नाच्या नोंदीत तर ‘दि’ हे नवरदेवाचं मधलं नाव म्हणून भरलंय! कस्टमर केअरला पानाच्या फोटोसकट सगळं समजावून लिहिलं. उत्तर आलं, ‘स्पेलिंग बदलून पाहा.’

सुनेच्या नावापुढेही साइट आपणहून आमचं आडनाव सुचवते. क्वेबेकमध्ये 1981 पासून कायद्यानेच लग्नानंतर बाईचं आडनाव माहेरचंच राहतं, आणि चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतही बायका माहेरच्या नावानेच सापडतात. शोधणाऱ्याला हा केवढा आधार आहे! लग्नाच्या नोंदीत बहुतेक वेळा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात, आई माहेरच्या नावाने. म्हणजे एका पानावरून एक पिढी मागे जाता येतं. तारीख अक्षरी, शेवटी ‘सही करता येत नाही असे सांगितले’ हा पाद्रीबुवांचा शेरा. विहीणबाईंनी ते अक्षर लावून मला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघी जेवण विसरून बसलो होतो.

ही पानं क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साइटवर फुकट दिसतात, हे मला फार उशिरा कळलं. आणि मॉन्ट्रियल विद्यापीठात 1966 साली सुरू झालेल्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने 1621 ते 1849 पर्यंतच्या कॅथलिक बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी एकमेकींना जोडून कुटुंबं उभी केली आहेत. तिथे ऊदों आणि बोल्यू एकाच घरात नांदतात. मुलगे बहुतेक सगळे ‘जोझेफ’ आणि मुली ‘मारी’, तरी आईबापांच्या जोडीवरून माणूस नेमका सापडतो.

एवढं लिहूनही एक गोष्ट कबूल करायला हवी. विहीणबाईंच्या आजोबांचे चुलतभाऊ मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलच्या कापडगिरण्यांत गेले होते. ती शाखा मला या वर्गणीच्या साइटवरच मिळाली, अमेरिकेच्या जनगणनेत. सीमेपलीकडे फ्रेंच आडनावांचं इंग्रजीत भाषांतर होऊन ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, र्‍वाचे किंग झाले. या शाखेचं आडनाव कारकुनाच्या कानाला जसं वाटलं तसं लिहिलं गेलंय, आणि तिथे या साइटचं ‘मिळत्याजुळत्या उच्चारा’चं बटण खरंच कामाला आलं. तेव्हा पूर्वज अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्ससारख्या न्यू इंग्लंडच्या भागात गेलेले असतील तर महिनाभराची वर्गणी जरूर घ्या, वर्षाची नको. नोंदी उतरवून घ्या आणि ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा. तो पर्याय ‘खाते’मध्ये नाही, ‘पेमेंट’च्या आत सगळ्यात खाली आहे.

माझे पैसे अजून परत आलेले नाहीत. तीन तारे द्यायचे मनात होते, ते पैसे येईपर्यंत दोनच.