घरावर आलेला निंब उतरवणारी टोळी: काम पक्कं, सल्ला कच्चा

जळगावातली ही तिघांची टोळी दोराच्या कामात पक्की. जाड फांदीला खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून काप, मग जरा पुढे वरून. ओझं उतरल्यावर उरलेला खुंट बुडाच्या फुगवट्याबाहेरून साफ. खालचा काप गाळला की कोसळणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. इथे तसं झालं नाही, पत्र्यालाही ओरखडा नाही.

गुण कापले ते ‘बोडकाच करून टाकू’ या सल्ल्याला. शेंडा उडवला की झाडूसारखे फुटवे येतात. त्यांची पकड वरवरची, म्हणून वादळात तेच आधी मोडतात. एका वेळी पाव घेराहून जास्त काढू देऊ नका. कापावर डांबर फासायचे वेगळे पैसे मागतात. देऊ नका, ओल आत कोंडते.

मे महिन्यात बोलावू नका. खानदेशी उन्हात पारा ४५ ला टेकतो, उघडी पडलेली साल करपते. माघ-फाल्गुन बरा. तार जवळ असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घ्या. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहेच. महापालिकेची परवानगी तुम्हीच काढायची, टोळी त्यात पडत नाही.