फोर्ड एफ-150 चा रीबिल्ट डिस्ट्रिब्यूटर : घेण्याआधी खात्री करा

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, फ्युएल इंजेक्शनच्या 5.0 लिटर व्ही-8 एफ-150 साठी मिळणारा रीबिल्ट (जुना दुरुस्त करून नव्यासारखा केलेला) डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ठिणगीची वीज एकेका स्पार्क प्लगला वाटणारा भाग, कामाची वस्तू आहे, पण बरेच जण तो विनाकारण घेतात. गाडी तापली की बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर आधी संशय घ्यावा डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीत बसवलेल्या टीएफआय मॉड्यूलवर, म्हणजे ठिणगीसाठी कॉइल चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर. इंजिनाची धग ते सतत सोसत असतं.

तपासणी गाडी बंद पडल्या पडल्याच करा. थंड झाल्यावर सगळं ठणठणीत दिसतं. मॉड्यूलला सप्लाय आणि अर्थ पोहोचतात ना, ते बघा. मग टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावून टोक कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) मायनसला टेकवा आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल कॉइल चालवतंय. दोष कॉइल, डिस्ट्रिब्यूटरची कॅप किंवा तिच्या आत फिरणाऱ्या रोटरमध्ये शोधा. लुकलुकला नाही तर पिप सिग्नल (शाफ्ट कुठे फिरला ते सांगणारा) मोजा. इंजिन हाताने सावकाश फिरवताना व्होल्टेज शून्याजवळून बॅटरीच्या आसपास उडी मारायला हवं. उडी मिळते आणि दिवा मात्र गप्प, तर मॉड्यूल गेलं. उडीच नाही, किंवा गाडीचा कॉम्प्युटर कोड 14 दाखवतो, तर डिस्ट्रिब्यूटरच्या आतल्या, पिप सिग्नल देणाऱ्या हॉल सेन्सरचा संशय.

नुसतं मॉड्यूल बदलणं सोपं आहे: 5.5 मिमीचे दोन स्क्रू, पातळ भिंतीचा सॉकेट. पाठीला सिलिकॉनची उष्णतावाहक ग्रीस लावायलाच हवी. ती विसरली की नवं मॉड्यूलही लवकर जळतं. राखाडी मॉड्यूलच्या जागी काळं बसवू नका, दोन्हींचं काम वेगळं आहे.

हॉल सेन्सर बदलायचा तर रोल पिन ठोकून गिअर काढा, शाफ्ट बाहेर घ्या. या कटकटीपेक्षा रीबिल्ट घेणं परवडतं, आणि इथेच या वस्तूचे पैसे वसूल होतात. मात्र खोका उघडल्यावर शाफ्ट बाजूला हलवून बघा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर परत करा. गिअरही जुळवा: इंजिनाचा कॅमशाफ्ट रोलर टॅपेटचा असेल तर स्टीलचा, सपाट बुडाच्या (फ्लॅट) टॅपेटचा असेल तर कास्ट आयर्नचा. चुकीचा गिअर कॅमशाफ्टच खातो.

बसवताना रोटर आधी होता त्याच दिशेला ठेवा. मग स्पाउटचा प्लग (कॉम्प्युटरकडून मॉड्यूलला येणाऱ्या टायमिंगच्या वायरमधला जोड) काढून टायमिंग 10 अंश बीटीडीसीवर (पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधी) आणा, बोल्ट आवळा आणि प्लग परत लावा.