पावसाळ्यात घरी रोल धुवायचा असेल तर रीळ स्टीलचंच घ्या

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचा अख्खा रोल काढला होता, एचपी-5 प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, 36 फोटो, आणि रात्री तो धुवायला, म्हणजे केमिकलमध्ये डेव्हलप करायला, बसले तर चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे बाहेरून हात घालायच्या अंधाऱ्या पिशवीत, फिल्म प्लास्टिकच्या रिळात (केमिकलच्या टँकमध्ये ठेवण्याआधी ती ज्यावर गुंडाळतात ते चक्र) अर्धी गेली आणि तिथेच अडकली. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बॅगेत, आत घामाची वाफ, आणि जितका वेळ जातोय तितकी फिल्म आणखी चिकट होतेय. शेवटी जोर लावून ढकलली. 11 फ्रेमवर चंद्रकोरीसारखे वळ उमटले, दोन ठिकाणी फिल्म फिल्मला चिकटली म्हणून तिथे केमिकल पोचलंच नाही. त्या म्हाताऱ्या रापणकरांचे चेहरे त्या उजेडात परत मिळायचे नाहीत, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

यात माझा हात चुकला असं मला वाटत नाही, कारण उन्हाळ्यात त्याच रिळावर मी व्यवस्थित रोल चढवलेत. प्लास्टिकच्या रिळात दोन बाजू मागेपुढे फिरवायच्या आणि बारीक छऱ्यांनी फिल्म पुढे सरकते, ती बाहेरून आत जाते. रीळ जरा जरी दमट असलं की फिल्मवरचं जिलेटिन ओलावा ओढून फुगतं आणि खाचेत धरून बसतं. आता जून ते सप्टेंबर आपल्याकडे टॉवेल वाळत नाही तिथे रिळाच्या खाचा कुठून वाळणार. स्टीलच्या रिळात हा प्रकारच नाही, सरकणारा भागच नाही, नुसती तारेची दोन चक्रं, फिल्म मधे अडकवायची आणि आतून बाहेर गुंडाळत यायचं. एक रोल झाला की रीळ धुवा, फडक्याने पुसा, लगेच दुसरा चढवा.

माझं पहिलं स्टीलचं रीळ सावंतवाडीकडच्या एका बंद झालेल्या स्टुडिओच्या काकांकडून आलं. लग्नाच्या सीझनला रात्रभर रोल धुतलेला माणूस, उटीच्या कारखान्यातली इंदू फिल्म वापरलेला, फिक्सरला, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलला, अजून हायपोच म्हणतात. त्यांच्याकडे चार रिळं होती, त्यातली दोन त्यांनी स्वतःच बाजूला काढली आणि म्हणाले, "ही नको गो बाय. रीळ पडला म्हणजे गेला, मगे कितीय सरळ केलंस तरी फिल्म खंयतरी अडाकतलीच."

हे वाक्य जुनं रीळ घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. चकाकी बघू नका. रीळ काचेवर आडवं ठेवा, डुगडुगतं का बघा, मग डोळ्यासमोर धरून दोन्ही चक्रं समांतर आहेत का ते सगळीकडून फिरवून बघा, मिलिमीटरभर फरक असला तरी सोडून द्या. तारेवरून बोट फिरवा, जोडाच्या जागी खरखर लागली तर तिथे फिल्म ओरखडणार. आणि एक वाया गेलेली फिल्म खिशात घेऊनच जा, दुकानात उजेडात चढवून बघा, कोणी नाही म्हणत नाही. भांड्यांच्या दुकानात करतो तशी लोहचुंबकाची परीक्षा मात्र इथे करू नका, चांगलं 304 जातीचं स्टेनलेस स्टीलसुद्धा वाकवून घडवलं की थोडं चुंबकाला लागतं.

नवीन घ्यायचं तर पैसे रिळावर घाला. मी आधी ऑनलाइन एक स्वस्तातलं बिनानावाचं मागवलं होतं, मधली क्लिप वाकडी, फिल्म तिथूनच तिरकी सुटायची. नंतर ह्यूजचं घेतलं, इंग्लंडचं, महाग आहे पण तार जाड आहे आणि 35 मिमीच्या रिळात मधे क्लिपऐवजी दोन दाते असतात, फिल्मच्या कडेची भोकं त्या दात्यांत अडकवली की फिल्म आपोआप मधोमध आणि सरळ. अंधारात या एका गोष्टीने सगळं सोपं होतं. निकॉरची जुनी अमेरिकन रिळंही छान असतात, निकॉनच्या निक्कॉर लेन्सशी त्यांचा काही संबंध नाही, नावावरून गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

टँक कुठलाही चालेल, पण झाकण त्याच टँकचं हवं. वेगवेगळी जोडलेली असली की गळतात. स्टीलच्या झाकणाचा त्रास आहेच, उलटंपालटं करताना थेंब थेंब येतं आणि कधी कधी इतकं घट्ट बसतं की नळाखाली गरम पाणी सोडून काढावं लागतं. किंडरमनच्या जर्मन टँकला प्लास्टिकचं झाकण असतं, ते मला जास्त बरं वाटलं. ओतायला मात्र वेळ लागतो, टँक थोडा तिरका धरा म्हणजे आतली हवा निघते. आणि एकच रोल धुणार असाल तरी दोन रिळांचाच टँक घ्या, साधारण अर्धा लिटरचा, त्यात 120 चं, म्हणजे रुंद फिल्मचं, एक रीळही बसतं. डी-76 हा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं केमिकल, अर्धं पाणी घालून वापरताना एका रोलला तेवढं द्रावण चांगलंच, पाव लिटरच्या छोट्या टँकमध्ये कोडॅक वेळ 10 टक्के वाढवायला सांगतं. फक्त वरती एक रिकामं रीळ ठेवायला विसरू नका, नाहीतर हलवताना भरलेलं रीळ वरखाली आपटत राहतं.

स्टीलचा मला न मागता मिळालेला फायदा म्हणजे तापमान. मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं आणि डेव्हलपर हवा 20 अंशाला. टँक बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवला की थर्मामीटर बघता बघता उतरतो, प्लास्टिकमध्ये वाट बघत बसावं लागायचं. अर्थात घमेल्यातून काढला की चढतोही तसाच, म्हणून पूर्ण वेळ मी तो पाण्यातच ठेवते, हलवायला तेवढा उचलते. स्टॉक, म्हणजे पाणी न वाढवलेल्या, डी-76 मध्ये एचपी-5 ला 20 अंशाला साडेसात मिनिटं, 24 ला ती पाचच्या आसपास येतात आणि इतक्या कमी वेळात डाग पडायची भीती, त्यापेक्षा पाणी घालून वेळ लांबवलेली बरी.

हात बसायला वेळ लागतो हे खरंय. मी आठवडाभर रोज रात्री टीव्ही बघताना तीच एक फिल्म चढवायचे-उतरवायचे, आधी बघून, मग डोळे मिटून. फिल्म बोटांत किंचित कमानीसारखी धरायची, ओढायची नाही, रीळ फिरवत राहायचं आणि दर फेऱ्याला हलकेच मागेपुढे करून बघायचं, मोकळी हलली तर बरोबर, कुरकुर आवाज आला तर अर्धा फेरा उलगडून परत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्टेनलेस म्हटलं तरी खाऱ्या वाऱ्याने त्यावर चहाचे डाग पडल्यासारखे ठिपके येतात, आणि एप्रिलनंतर आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्यामुळे शेवटचं पाणी मी डिस्टिल्ड वापरते, गॅरेजवाल्याकडे बॅटरीसाठी असतं ते, फिल्मलाही आणि रिळालाही. मग पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने तारा घासते.

120 चं रीळ घेतलंय पण त्यावर अजून मत देत नाही. ती फिल्म रुंद आणि पातळ, कडेला भोकं नाहीत, सुरुवात जरा तिरकी झाली की सगळी तिरकी. या पावसात चार-पाच रोल नीट निघाले की मग त्याबद्दल लिहीन.