वॉटर फ्लॉसर: पाण्याचं मशीन, पण पाण्यानं बिघडलं तर वॉरंटी नाही म्हणे

"लिक्विड डॅमेज वॉरंटीत येत नाही सर." हे मला कस्टमर केअरच्या पोरानं ऐकवलं, ते पण वॉटर फ्लॉसरबद्दल. म्हणजे दातांच्या फटीत पाण्याचा बारीक फवारा मारून अडकलेलं काढायचं मशीन, ज्याच्या पोटातच पाण्याची टाकी आहे त्या वस्तूबद्दल. म्हटलं मग ह्यात भरायचं काय, रॉकेल? तर म्हणतो तुमची तक्रार नोंद केलीय सर, आणखी काही मदत करू शकतो का. आणखी म्हणजे? आधी कुठली केलीस रं बाबा. तर हा रिव्ह्यू त्या रागात लिहायला घेतलेला, पण पूर्ण होईपर्यंत बरंच काय काय घडलं, त्यामुळं मधेच सूर बदलला तर सांभाळून घ्या.

कंपनीचं नाव टाकत नाही. दोन-अडीच हजारातले कॉर्डलेस सगळे सारखेच, तीनशे मिलीची टाकी, तीन मोड, टाइप-सी चार्जिंग, ते तुम्हाला माहीतच असणार. मला सेलमध्ये २,१९९ ला पडला. घेतला कारण मोठ्या मुलीला ब्रेसेस बसल्या आणि तारेत अडकलेलं काढता काढता तिचा रोज रात्री बेसिनपाशी अर्धा तास जायला लागला, बाकीच्यांनी ब्रश कधी करायचा? आणि दुसरं कारण मी स्वतः. आमच्यात बुधवार-रविवार मटण चुकत नाही आणि माझ्या उजवीकडच्या मागच्या दोन दाढांच्या मधी अशी फट आहे की दर वेळी एक तरी धागा तिथं मुक्कामाला. मग टाचणी, काडेपेटीची काडी, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा, जे हाताला लागंल ते.

आधी चांगलं सांगतो. पहिल्यांदा चालू केला तेव्हा आरसा, बनियन आणि वरचा बल्ब भिजला. ओठ हलके मिटायचे, बेसिनवर वाकायचं, पाणी आपोआप गळू द्यायचं, नोझल दातावर टेकवायचं आणि मगच बटण दाबायचं, हे बॉक्समधल्या कागदावर आहे पण अक्षर मुंगीएवढं. आई मागून ओरडतीय, "आरं ते पिस्तूल बंद कर की आधी!" पण एकदा हात बसल्यावर नाद खुळा. भडंगातल्या शेंगदाण्याची ती लाल साल हिरडीच्या कडेला जाऊन बसती बघा, दोन दिवस टोचत राहती, ती एका फवाऱ्यात बेसिनमध्ये. पहिल्या महिन्यात मी निम्म्या गल्लीला हे घ्या म्हणून सांगून आलो. ब्रश करताना हिरड्यातनं रक्त यायचं ते पण कमी झालं. थंडीत पाणी कोमट करून भरा, नाहीतर झिणझिण्या डोक्यापर्यंत जातात. बोअरचं पाणी नको, टाकीत पांढरा थर धरतो आणि नोझलचं बारीक भोक चोंदतं. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की आपल्याकडं नळाला पण चहाच्या रंगाचं पाणी येतं, मी सरळ फिल्टरचं भरतो.

आता ते झाकण. चार्जिंगच्या पोर्टवर रबराचं एक झाकण आहे, करंगळीच्या नखाएवढं, एका बारक्या दोरीसारख्या रबरानं बॉडीला अडकवलेलं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात आयपीएक्स७ लिहिलंय, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत पाणी जायला नको. पण ही सगळी मर्दुमकी त्या झाकणाच्या जीवावर, आणि ते झाकण दोन-तीन महिन्यात फुगतं. एक कड बसवली की दुसरी उचकटती. ओल्या अंगठ्यानं दाबून बघा, बसल्यासारखं वाटतं, आणि हात काढला की हळूच वर येतं. त्यात पोर्ट ठेवलाय कुठं, तर बरोबर टाकीच्या खाली, जिथं हातावरनं ओघळलेलं पाणी येऊन थांबतं. ज्यानं कुणी हे डिझाइन केलं त्यानं स्वतः एकदा तरी तोंडात धरून बघितलं असंल असं मला वाटत नाही. एके रात्री चार्जिंगचा दिवा लागंना. टॉर्च मारून बघितलं तर पोर्टच्या आत हिरवट पूड जमलेली, तांब्याच्या भांड्याला धरती तशी.

मग सुरू झाला तमाशा. कोल्हापुरात सर्व्हिस सेंटर नाही, पुण्याला कुरिअर करा, तो खर्च आपला. आधी फोटो पाठवा, मग बिल पाठवा, मग तेच बिल परत पाठवा. आणि शेवटी ते वर लिहिलेलं वाक्य.

हे चालू असताना मशीन बंद, आणि नेमकी तेव्हाच मुलीची तार आवळायची तारीख आली. राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टर मॅडमना म्हटलं, मशीन बिघडलंय, आता हिच्या दातांचं कसं करायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, तारेतलं, फटीतलं अन्न काढायला ते चांगलंच आहे, पण दातावर जो चिकट थर बसतो ना, तो नुसत्या पाण्यानं पूर्ण जात नाही, तो ब्रशनं घासूनच काढायला लागतो, आणि तो थर कडक होऊन किटण झालं की ना ब्रश ना फवारा, स्केलिंगच, म्हणजे डॉक्टरकडनं ते खरवडून काढणं. हितं माझा चेहरा पडला, कारण जाहिरातीत 'घरच्या घरी क्लिनिकसारखी सफाई' लिहिलेलं आणि स्केलिंगचे पैसे मी मनातल्या मनात वजा करून बसलेलो. वर क्रम पण उलटा करायला लावला. आमच्यात आधी ब्रश, मग फवारा असं चालायचं. त्यांचं म्हणणं, पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातावर राहायला पाहिजे, तुम्ही ते मशीननं धुऊन काढताय. आधी फवारा, मग ब्रश, फेस थुंकायचा आणि त्यावर तांब्याभर पाण्यानं चुळा भरत बसायचं नाही. ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागात किती भाग) आहे ते छापलेलं असतं, आपल्याकडं १००० च्या वर घालायला परवानगी नाही. धाकट्याची गोड वासाची पेस्ट घरी येऊन बघितली तर त्यात फ्लोराइडच नाही, नुसतं कार्टूनचे पैसे.

धाकटा सोबत होता म्हणून त्याचं पण तोंड बघितलं. सात वर्षाचा आहे. खालच्या दोन मोठ्या दाढा आल्यात, वरच्या अजून अर्ध्या हिरडीत. ह्या दाढा सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं येतात, त्यांच्यासाठी एक पण दात पडत नाही, त्यामुळं बऱ्याच घरात त्या दुधाच्याच समजतात आणि किडल्या तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. त्या आयुष्यभराच्या असतात. मॅडमनी आरशात दाखवलं, दाढेच्या माथ्यावर खोल रेघा, ब्रशचा केस पण तळापर्यंत जात नाही आणि गुळाचा चिकटा बरोबर जातो. म्हणून त्या रेघांवर सीलंट भरलं, म्हणजे कीड लागू नये म्हणून रेघा बुजवणारा पातळ थर. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. दाढ स्वच्छ केली, निळं जेल लावलं, धुऊन अगदी कोरडी केली, पातळ औषध ओतलं आणि निळी लाइट मारली की घट्ट. पोरगं कापसाचे बोळे तोंडात घेऊन बघत होतं लाइट कुठल्या कंपनीची आहे ते. दोन्ही दाढांचं मिळून बिल मशीनच्या निम्म्यात. वरच्या पूर्ण आल्या की त्यांना करायचं, आणि मधनंमधनं सीलंट जागेवर आहे का ते बघून घ्यायचं, कारण कधी कधी त्याचा टवका उडतो.

आणि माझ्या फटीसाठी त्यांनी काय दिलं तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा एक बारका ब्रश. इंटरडेंटल ब्रश. मेडिकलमध्ये दीडशे-दोनशेला पाकीट, साइज मात्र डॉक्टरकडनं बघून घ्या, फटीत जोर करून घुसवायचा नाही. रविवारी रात्री बसल्या बसल्या धागा बाहेर, ना चार्जिंग, ना झाकण, ना पुणे. तेव्हापासनं त्या २,१९९ चा आकडा डोळ्यापुढनं हलंना. आईला म्हटलं तू पण बघ, तर म्हणती मला माझी मिसरी पुरं. सरकारनं पेस्टमधनं तंबाखू १९९२ मध्येच बंद केली, आमच्या तव्यावरची काय बंद होईना. पण तिला पुढच्या वेळी तोंड दाखवायला नेणार आहे, गालाच्या आतून एक पांढरा डाग दिसतोय.

अपडेट: ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावून तक्रार टाकली, बॉक्सवरच्या त्या आयपीएक्स७ चा फोटो जोडून. मग कंपनीचा स्वतःहून फोन. "वन टाइम गुडविल" म्हणून दुसरा पीस पाठवला. गुडविल म्हणे! पीस नवीन, झाकण तेच. आता आमच्यात नियम केलाय, वापरून झालं की टाकी काढून मशीन पोर्ट खाली करून फडक्यावर उभं ठेवायचं आणि चार्जिंग दुसऱ्या दिवशीच, पोर्ट कोरडा आहे का बघून. झाकणावर वरनं इन्सुलेशन टेप मारलीय. दिसायला भिकार, पण अजून तरी हिरवं काय दिसत नाही.

पाचपैकी तीन. मुलीसाठी चार दिले असते, ती ब्रेसेसवाला नोझल लावून पाच मिनिटात मोकळी होती. माझ्यासाठी दोन, दोनशेचा ब्रश खिशात असताना. झाकणाला शून्य.

तो ब्रेसेसवाला नोझल सुटा कोल्हापुरात कुठं मिळत असेल तर कमेंटमध्ये सांगा. त्याच्या टोकाचे ब्रशसारखे केस आता वाकलेत आणि ऑनलाइन चारचा सेटच घ्यायला लावतात, त्यातले तीन माझ्या काय कामाचे.