ट्रॅव्हल क्लब की गावची लीग?

न्यू जर्सीतील एका मराठी स्नेह्यांनी विचारले, की सातवीतल्या मुलाला लॅक्रॉसच्या (जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा सांघिक खेळ) ट्रॅव्हल क्लबमध्ये, म्हणजे बाहेरगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या क्लबमध्ये, घालावे की गावच्या लीगमध्येच ठेवावे.

हेल्मेट, हातमोजे, काठी आणि 2022 पासून सक्तीचे झालेले छातीचे प्रमाणित पॅड दोन्हीकडे लागतात. खर्चात फरक पडतो तो क्लबच्या शुल्कामुळे आणि त्याहूनही जास्त शनिवार-रविवारच्या हॉटेलांमुळे. लीगचा सामना आटोपून दुपारी घरी जेवता येते. क्लबच्या स्पर्धेसाठी मात्र पहाटे 5 वाजता गाडी काढून दिवसभर मैदानाकडेला घडीच्या खुर्चीत बसावे लागते, आणि धाकटीचा गृहपाठही तिथेच मांडीवर होतो.

कॉलेजप्रवेश हा क्लबांचा आवडता मुद्दा. परंतु 2017 मध्ये संमत झालेल्या नियमानुसार एनसीएए या अमेरिकी कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पहिल्या श्रेणीतील प्रशिक्षकांना अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी मुलाशी निवडीबाबत बोलता येत नाही. मग सातवीत एवढी घाई कशाला? अर्थात, पुढे उन्हाळी क्लब-स्पर्धांतच प्रशिक्षक खेळाडू हेरतात, हेही खरे.

कोणी न सांगता रोज भिंतीवर चेंडू मारत राहणाऱ्या मुलाला नववीच्या सुमारास क्लब मानवेल. ज्याला बास्केटबॉलही सोडवत नाही, त्याच्यासाठी लीगच योग्य.