गूगल डॉक्सची रेझ्युमे टेम्प्लेट: फुकट, पण पारखून घ्या

स्विस, सेरिफ, कोरल, स्पिअरमिंट अशी तयार टेम्प्लेट इथे फुकट मिळतात, दिसायलाही नेटकी. गोची होते ती दोन रकान्यांच्या मांडणीत: अर्ज छाननारी काही सॉफ्टवेअर ओळ सरळ आडवी वाचतात आणि कौशल्यांची यादी अनुभवात घुसते. म्हणून पीडीएफ उतरवा, त्यातला सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. क्रम विस्कटला तर एका रकान्याची मांडणी घ्या. फोन, ईमेल हेडरमध्ये (पानाच्या वरच्या वेगळ्या पट्टीत) नको. तो भाग कधीकधी वाचलाच जात नाही. नमुन्याचा लॅटिन मजकूर पुसा (तसाच पाठवणारेही असतात!). 'तक्रार विभाग सांभाळला' याऐवजी '६ जणांची टीम, महिन्याला ४०० तक्रारी' हे मात्र तुम्हालाच लिहावं लागतं.